वाढदिवसाचा खाऊ विकतच कशाला?



जून महिन्यात शाळा उघडली की आपण सगळेच वर्गात वाढदिवसांचा तक्ता लावतो. कुणी कार्डशीटचे फुगे कापतं, कुणी आगगाडीचे बारा डबे करून त्यात मुलांची नावं लिहितं. मूल वर्गात शिरलं की आधी त्या तक्त्यावर आपलं नाव शोधतं. नवीन पुस्तकं नंतर. तक्ता आपण हौसेने लावतो, पण त्या दिवशी वर्गात नेमकं काय व्हावं याचा विचार मात्र गावातल्या दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. मुलाने चॉकलेटची पिशवी आणायची, आपण टाळ्या वाजवायला सांगायचं, गाणं म्हणायचं, पिशवी वर्गभर फिरवायची आणि मग गणिताचं पुस्तक काढायचं. झाला वाढदिवस.

माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. वर्गात विकतचा खाऊ वाटणं बंद करावं, पण वाढदिवस बंद करू नये, आणि खाऊ तर अजिबात बंद करू नये. तो आपण करावा. मुलांच्या हाताने, शाळेतच, महिन्यातून एकदा.

ती चॉकलेटची पिशवी तुम्ही कधी मुलांच्या नजरेने बघितली आहे का? दिसायला साधी गोष्ट. एकाची पिशवी रुपयावाल्या गोळ्यांची, दुसऱ्याची पाच रुपयेवाल्या चॉकलेटची. तिसऱ्याचे काका मुंबईहून आलेले, म्हणून त्याने प्रत्येकाला पेन्सिल, खोडरबर आणि वर वेफर्सचं पाकीट दिलं. कुणी काय वाटलं हे मुलं वर्षभर विसरत नाहीत. सातचा पाढा विसरतील, हे नाही. आणि ज्याच्याकडे वाटायला काहीच नसतं त्याचं काय? तो त्या दिवशी शाळेत येतच नाही.

आमच्या शाळेतली तिसरीतली एक मुलगी अशीच तिच्या वाढदिवसाला गैरहजर होती. आईवडील कामाला मुंबईत, मुलगी इथे आजीजवळ. एरवी पावसात भिजून येईल पण शाळा चुकवायची नाही. दुपारी घरी जाऊन विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "वाटायला काय नव्हतं ना बाई, म्हणून रडत बसली सकाळपासून." नवीन फ्रॉक घालून पोरगी ओटीवर बसली होती. मी हजेरीत त्या दिवशी जी गैरहजेरीची खूण केली ती आजही पाहायला मिळेल, पण तिचं कारण लिहायला हजेरीत रकाना नाही. तुमच्या पटावर अशी एखादी खूण आहे का, हे वाढदिवसांच्या तारखा समोर ठेवून एकदा तपासून बघा.

यावर बऱ्याच शाळांनी सोपा उपाय काढला आहे. वाटप बंद! फक्त शुभेच्छा द्यायच्या, फार तर एखादं झाड लावायचं किंवा वाचनालयाला पुस्तक द्यायचं. हे चांगलंच आहे, माझा विरोध नाही. पण आठ वर्षांच्या मुलाच्या जागी बसून बघा. वाढदिवस म्हणजे त्याच्यासाठी तोंड गोड होणं. पुस्तक भेट द्यायला मोठ्यांना आवडतं. मुलाला खाऊ हवा असतो आणि तो आपल्यामुळे सगळ्यांना मिळाला, हे त्याला मिरवायचं असतं. त्यात वाईट काय आहे? आपल्याकडे तर बाळाचं बोरन्हाण करतात. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि आळीतली सगळी पोरं ते गोळा करायला तुटून पडतात. ज्याचं बोरन्हाण आहे त्याच्यामुळे बाकीच्यांची चंगळ. आणि तिथे कुणाच्या ओंजळीत काय आलं याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

दुसरा एक आक्षेप मला दर वर्षी ऐकावा लागतो. केक ही आपली संस्कृती नाही म्हणे. आता हे सांगणाऱ्यांच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला. त्यात घातलेला बटाटा, शेंगदाणा आणि मिरचीही तिकडचीच. उपासाला हे सगळं चालतं आणि रवा, दही, साखर, तूप घालून घरी भाजलेला केक मात्र परका! असो. खाण्याच्या बाबतीत कोण कुठून आलं हे उकरायला बसलो तर ताट रिकामंच राहील.

आणि भाजणं तर आपल्याकडे होतंच की. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजतात. मी नोकरी करते त्या रत्नागिरी जिल्ह्यात धोंडस करतात, सिंधुदुर्ग-गोव्याकडे त्याच्यासारखीच तवसळी असते. जून झालेली मोठी काकडी किसायची, त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालायचं, सगळं टोपात थापायचं, खाली मंद विस्तव ठेवायचा आणि वर झाकणावर निखारे ठेवायचे. वरून उष्णता, खालून उष्णता. ओव्हनमध्ये याहून वेगळं काय होतं? इथल्या आज्या बिनविजेच्या ओव्हनमध्ये केक भाजत होत्या, फक्त त्याला केक म्हणत नव्हत्या.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे दिवाळीच्या आधी नानकटाई भाजायला बेकरीत जायची पद्धत होती. तुमच्यापैकी घाटावरच्या अनेकांना हे आठवत असेल. घरून मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यांत भरून न्यायचं. बेकरीवाला वजन करायचा, किलोमागे मजुरी सांगायचा, वहीत नाव लिहायचा. काही ठिकाणी बायका तिथेच बसून तूप-साखर फेसायच्या, अगदी पांढरी हलकी होईपर्यंत. मग भल्या मोठ्या काळ्या पत्र्यांवर चपटे गोळे मांडले जायचे, प्रत्येकावर बोटाने खळगा, त्यात चारोळी. लांब दांड्याच्या फळीने पत्रा भट्टीत सरकवला की आम्हा मुलांचं काम सुरू, म्हणजे वास घेत उभं राहणं. संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात भरून नानकटाई घरी यायची, तेव्हा डबा अजून कोमट असायचा आणि आई तो फडताळात सगळ्यात वर ठेवायची. घरी भट्टी नाही म्हणून आमचं काही अडलं नाही. पीठ आमचं, आग बेकरीवाल्याची, आणि तरीही आम्ही शेजाऱ्यांना सांगायचो, "घरची नानकटाई आहे."

त्या "घरची" शब्दात जे आहे तेच मला वर्गात हवं होतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण नुसतं मत मांडून तुमचा काही उपयोग नाही. आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी मिळून पट २२. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्या महिन्यातल्या सगळ्यांचा एकत्र वाढदिवस. २०२४ पासून आनंददायी शनिवार आल्यामुळे त्याला वेळही मिळतो. पोषण आहार योजनेत तिथी भोजनाचीही सोय आहे, म्हणजे गावातल्या कुणालाही वाढदिवसाच्या किंवा सणाच्या निमित्ताने मुलांना जेवण किंवा एखादा जिन्नस देता येतो. त्यामुळे कुणा पालकांना हातभार लावायचा असेल तर रवा द्या, दूध द्या, म्हणून सांगतो. कुणी काय दिलं हे वर्गात सांगत नाही. साहित्य सगळं एका टेबलावर जमा झालं की ते वर्गाचं.

करतो तो कुकरमधला रव्याचा केक. अंडं घालत नाही, कारण कुणाच्या घरी चालतं, कुणाच्या नाही, आणि हा दिवस तो वाद घालायचा नव्हे. दोन वाट्या बारीक रवा आणि एक वाटी दही एकत्र करून वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं. रवा फुगतो. हे भिजवणं गाळलं तर केक खाताना दाताखाली कचकच लागते. मग एक वाटी साखर, अर्धी वाटी तेल किंवा पातळ तूप, चिमूटभर मीठ, वेलची आणि लागेल तसं पाऊण ते एक वाटी दूध. भज्याच्या पिठापेक्षा जरा दाट झालं की पुरे. मुलांच्या आग्रहाखातर टुटीफ्रुटी. ही रंगीबेरंगी टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई असते, हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. सगळ्यात शेवटी पाऊण चमचा खायचा सोडा. तो घातल्यावर जास्त घोटत बसायचं नाही आणि रेंगाळायचंही नाही. दह्यातलं आम्ल आणि सोडा भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटायला लागतात. तेच बुडबुडे केक फुगवतात. ते भांड्यातच उडून गेले तर केक बसतो.

कुकरच्या झाकणाची शिट्टी आणि रबर दोन्ही काढून ठेवायचं. तळाला वाटीभर जाड मीठ पसरायचं, त्यावर जाळी, दहा मिनिटं मध्यम आचेवर झाकण लावून तापवायचं आणि मग तेलाचा हात लावून पीठ भुरभुरलेला डबा आत. पाणी घालायचं नाही. पाणी घातलं की ते उकळत असेपर्यंत आतली उष्णता शंभर अंशांच्या आसपासच राहते आणि मग होतो तो ढोकळा. मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झालं. यासाठी जुना कुकर घ्या, कारण पाण्याशिवाय तापवून भांडं खराब होतं. कुकर नसला तर जाड बुडाचं पातेलं आणि वर घट्ट झाकण, तेवढ्यानेही भागतं. गॅसजवळ मुलांना अजिबात जाऊ द्यायचं नाही, ते काम आमचं आणि स्वयंपाकी काकूंचं. आणि गॅस खिचडी उतरल्यावरच मिळतो, हा काकूंचा नियम आहे.

आम्ही असे दोन केक करतो. एकाचे बारा-तेरा तुकडे होतात. सगळा खर्च दोनशे-अडीचशे रुपयांत बसतो. तेवढ्या पैशांत तालुक्याच्या बेकरीत जेमतेम अर्ध्या किलोचा केक येतो, त्यात अर्ध्याहून जास्त क्रीम, आणि बावीस मुलांत वाटायचा म्हटला तर प्रत्येकाला अंगठ्याएवढा तुकडा.

इथे आपल्या शिक्षकांच्या एका सवयीबद्दल बोलायलाच हवं. आपल्याला काहीही दिसलं की त्यातून अध्ययन निष्पत्ती काढायची घाई असते. केकमधून अपूर्णांक, केकमधून मोजमाप, केकमधून विज्ञान, केकवर दहा ओळी निबंध. हे सगळं त्यात आहे, मी नाकारत नाही. पाऊण वाटी म्हणजे किती हे आमच्या दुसरीच्या मुलांना पुस्तकाआधी दुधाच्या वाटीत कळलं. पण तुम्ही त्या दिवशी फळ्यावर "घटक: अपूर्णांक" लिहिलंत की संपलं. मुलांना वास येतो. केकचा नाही, तुमच्या हेतूचा. मी त्या शनिवारी काही शिकवत नाही, कार्यपत्रिका देत नाही, अहवालासाठी ओळीत उभं करून फोटो काढत नाही. चाळीस मिनिटं कुकरजवळ बसून मुलं काय काय बोलतात ते ऐकते. घरच्या म्हशीबद्दल, गणपतीला येणाऱ्या काकाबद्दल, कुणाच्या आईला कोणता पदार्थ चांगला जमतो त्याबद्दल. एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा झाकणाच्या फटीतून येणारा वास ओळखून म्हणतो, "आता लाल होतोय बाई." आनंदाने खाणं हे शिक्षणाचं साधन नसलं तरी चालेल. ते नुसतं असू द्या.

साखरेचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. शाळेच्या आवारात आणि पन्नास मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षा नियमांनुसार मनाई आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. दोन्ही गोष्टी योग्यच. आमच्या केकच्या एका तुकड्यात साधारण तीन चमचे साखर जाते, हे मी पालकांना उघड सांगते. पण ती महिन्यातून एकदा, आणि डोळ्यांसमोर वाटीने मोजून घातलेली. दोनशे मिलीच्या कोला पेयात वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे, आणि ती कुणी घालताना दिसत नाही. काही मुलं रोज पाच रुपयांचं पाकीट फोडत शाळेत येतात. खरी लढाई तिथे आहे. वाढदिवसाच्या तुकड्यावर नियमाची काठी उगारून आपण कर्तव्य केल्याचं समाधान मिळवतो, आणि रोजचं पाकीट तसंच राहतं.

पालकांना एक विनंती. घरी केक कराल तेव्हा मुलाला बाहेर खेळायला पाठवू नका, भांड्यात हात घालू द्या. सांडेल, रवा फरशीवर जाईल, जाऊ द्या. आणि फक्त मुलीलाच बोलवू नका. आमच्याकडे पहिल्या शनिवारी चौथीचे तीन मुलगे भिंतीला टेकून उभे राहिले, हे बायकांचं काम म्हणून. त्यांना भांडी घासायला दिली, कारण तेही कुणाला तरी करायचंच होतं. पुढच्या महिन्यात ते घोटायला सगळ्यात पुढे. २०२०च्या टाळेबंदीत बेकऱ्या बंद होत्या तेव्हा किती घरांत बापांनी पार्ले-जीचे पुडे कुटून, दूध आणि ईनो घालून कुकरमध्ये केक केले होते, आठवतंय ना? ईनोत सोडाही असतो आणि सायट्रिक आम्लही, म्हणून तो दुधात पडताच फसफसतो आणि दह्याची गरज लागत नाही. तेव्हा जमलं होतं, मग आता काय झालं?

तोंडाला केक फासण्याबद्दल मात्र मी कडक आहे. हल्ली मोठी माणसं चौकात फलक लावून, तलवारीने केक कापून, उरलेला एकमेकांच्या डोक्याला चोपडतात आणि त्याचे व्हिडिओ मुलं बघतात. आमच्या वर्गात एकाने बोट भरवून मित्राच्या गालाला लावलं, तर तिसरीतली तीच ओटीवरची मुलगी खेकसली, "अरे, मी घोटलाय तो!" मला काही बोलावं लागलं नाही.

काकूंचंही सांगायला हवं. शाळेत खिचडी करणाऱ्या आमच्या काकू पन्नाशीच्या पुढच्या. मुलांनी त्यांना विचारलं, काकू तुमचा वाढदिवस कधी? त्या हसल्या. "माझा कसला वाढदिवस? आधारकार्डावर एक जून आहे. तो मास्तरांनी लिहिलेला." आपल्याला हे माहीत आहेच. जुन्या दाखल्यांवर गावंच्या गावं १ जूनला जन्मलेली. आईला पाऊसपाणी आठवायचं, तारीख नाही, आणि शाळेत नाव घालायला तर तारीख हवी. मुलांनी ऐकलं आणि परस्पर ठरवून टाकलं की जूनच्या शनिवारी काकूंचं नावही तक्त्यावर लागणार. त्या शनिवारी घोटायचं काम मुलांनी केलं आणि काकूंना टेबलाजवळ हात लावू दिला नाही. पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला, तर त्या तो पदरात बांधायला लागल्या, घरी नातवाला न्यायला म्हणून. मुलांनी नेऊ दिला नाही. इथेच खा, नातवाला दुसरा देतो, म्हणाली.

या सप्टेंबरात आम्ही धोंडस करणार आहोत. परसातल्या काकड्या जून होतील तोपर्यंत, गूळ एका आजोबांनी कबूल केला आहे आणि वरच्या निखाऱ्यांसाठी शाळेमागे तीन दगडांची चूल काकू मांडणार आहेत. तुमच्याकडे अजून कुणी चुलीवर करत असेल तर झाकणावर निखारे किती वेळ ठेवायचे ते नक्की कळवा. इथे प्रत्येक आजी वेगळं सांगते आहे. आणि टोपाच्या तळाला लागलेली खरपूस खरवड कुणाला मिळणार यावरून आत्तापासूनच भांडणं सुरू झाली आहेत.